नाताळची सालई

प्रिय आर्या आणि निखिल,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आर्यानं विचारलं, "आजी, ख्रिसमस खरंच पेगन आहे का? आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, झाड, दिवे, तारीख, सगळं दुसऱ्यांचं उचललेलं आहे." मी म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते. तुम्हाला वाटलं असेल, आजीला पुस्तक बघायचं असेल. पुस्तक बघायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर मी भर सभेत उभं राहून दिलं होतं, मुद्दे काढून, कार्डांवर लिहून. त्या उत्तरापासून एक गोष्ट सुरू झाली आणि ती मार्थाच्या मरणापर्यंत गेली. तिला जाऊन तीन आठवडे झाले.

मार्था म्हणजे ती, जिच्या हातात तुमची आई जन्मली. तुम्ही तिला एकदाच भेटलात. निखिल, तू तिच्या कोंबड्याला घाबरून खाटेवर चढून बसला होतास, आणि ती हसून हसून खोकली होती.

तुम्हाला उत्तर द्यायचं आहे, पण तिच्याशी बोलल्याशिवाय ते मला देता येत नाही. म्हणून पुढचं सगळं तिला लिहिलं आहे. तुम्ही वाचा. नाताळला सोळा दिवस उरले आहेत आणि त्याच्या आत हे कागदावर उतरायला हवं. कारण पुढे येईल.

*

मार्था,

तू दिलेली, रानातल्या सालईच्या झाडाच्या डिंकाची पुडी माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खालच्या खणात. जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली, वर तुझ्या हातची सुतळीची गाठ. ती मी तुझ्या मातीच्या दिवशी पर्समध्ये घालून आणली होती. तशीच परत नेली. हे तुला दिसलं असेल तर दिसलं. नसेल तर मी सांगते आहे.

आपली ओळख भांडणानं झाली. त्या पावसाळ्यात अहेरीच्या सगळ्या नाल्यांना पूर होता, चंद्रपूरचा रस्ता बंद, आणि माझे दिवस भरलेले. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तू शेजारच्या मिशनच्या दवाखान्यात दाई. तू खोलीत आलीस ती हातात निखाऱ्यांचं धुपाटणं घेऊन. निखाऱ्यांवर डिंकाचा खडा टाकलास आणि खोली धुरानं भरली. लिंबाच्या सालीसारखा, थोडा राळेसारखा वास.

मी ओरडले, "हे बाहेर ने आधी. इथं बाळ यायचं आहे."

"धुरानं माश्या जातेत, बाई. अन् भेव नाई वाटत."

"मला भीती वाटत नाहीये."

"तुमाले नाई. मले वाटून राह्यली."

कळा येत असतानाही मला हसू आलं. धुपाटणं खोलीतच राहिलं. पहाटेपर्यंत तू माझ्या पाठीला हात लावून बसलीस, आणि माझी मुलगी झाली तेव्हा तिला पुसता पुसता तू येशूचं नाव घेतलंस, आणि त्याच्या पाठोपाठ गोंडीत काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस ते मी विचारलं. तू म्हणालीस, "त्याले बी सांगावं लागते. रान त्याचं हाये." कोणाला, ते सांगितलं नाहीस.

तिथून पुढे चाळीस-बेचाळीस वर्षं आपण तेच एक भांडण भांडलो. जागा बदलत गेली, भांडण तेच राहिलं.

तुझ्या गावचा नाताळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलगी कडेवर होती. भामरागडच्या वाटेवर, नाला ओलांडून गेलं की तुमचं गाव. त्यात ख्रिस्ती घरं डझनभर, बाकीचे सगळे जुन्या पेनांना, गावच्या देवांना मानणारे. चर्च म्हणजे कौलारू खोली, पुढे अंगण, बांबूचं कुंपण. त्या अंगणाच्या मधोमध तू सालईची फांदी रोवली होतीस, दोन माणसांच्या उंचीची. पानं झडलेली, साल कागदासारखी सुटत आलेली. तिच्यावर कागदी साखळ्या, शेंड्याला चांदणी, बुंध्याशी तुझं धुपाटणं.

मी म्हणाले, "वाळकी काठी काय उभी केलीस? नाताळला हिरवं झाड असतं. तिकडे थंडीत बाकीची झाडं उघडी पडतात, म्हणून जे हिरवं राहतं तेच घरात आणतात."

तू म्हणालीस, "हे वाळलं नाई, बाई. झोपलं हाये. हे कापलं तरी मरत नाई. म्हणून आमी लग्नाच्या मांडवात बी हेच रोवतो."

आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तू ती फांदी अंगणातून उपटून कुंपणाच्या कडेला गाडलीस. उन्हाळ्यात तिला पालवी फुटली. पुढच्या वर्षी दुसरी गाडलीस. काही पावसात कुजल्या, काही जनावरांनी खाल्ल्या. जगल्या त्या रांगेत मोठ्या होत गेल्या.

फांदी तोडण्याआधी तू झाडाला हात लावायचीस आणि पुटपुटायचीस. ते मला सहन होत नसे. का, ते मी तुला कितीदा सांगितलं. छप्पन साली माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांची होते. देव्हाऱ्यातले सगळे टाक, मूर्ती, लाल कापडासकट एका टोपलीत भरून त्यांनी नदीत सोडले. आई पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी होती. तिनं एकही मागे ठेवला नाही. परतताना बाबा मला म्हणाले होते, मागे वळून बघू नकोस. मी बघितलं नाही. त्या दिवसानं आम्हाला शाळा दिली, भाषा दिली, ताठ मान दिली. म्हणून मला वाटायचं, सोडायचं तर असं सोडावं. अर्धवट सोडलेलं माणसाचा पाय धरून ठेवतं.

हे मी तुला शेवटचं सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या पडवीत. तू पोहे खात होतीस. ताटली खाली ठेवलीस आणि म्हणालीस,

"तुमाले तुमच्या देवानं देवळाबाहेर ठेवलं, बाई. तुमी त्याले नदीत टाकलं, बराबर केलं. आमाले आमच्या झाडानं कधी बाहेर नाई ठेवलं. मग आमी काऊन टाकावं त्याले?"

मला उत्तर सुचलं नाही. हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या बाईला उत्तर न सुचणं काय असतं, ते तुला माहीत होतं. तू पुन्हा पोहे खायला लागलीस. "मीठ कमी हाये," एवढंच म्हणालीस.

त्याच आठवड्यात तुमच्या चर्चचे नवे पाळक माझ्याकडे आले. तरुण मुलगा, नागपूरकडचा, इस्त्री केलेला शर्ट, फार अदबीनं बोलणारा. म्हणाला, "बाई, चोवीस तारखेला दुपारी कार्यक्रम आहे. नाताळचा उगम या विषयावर तुम्ही बोला. तुम्ही वाचलेलं आहे. आमच्या लोकांना काहीच माहीत नाही." तो सालईकडे आणि धुपाटण्याकडे कसा बघतो ते तू मला आधीच सांगितलं होतंस. मी हो म्हणाले.

पुढे मी सगळ्यांना सांगत आले की मी तुझ्या बाजूनं बोलायला उभी राहिले. नाताळच्या सगळ्याच चाली कुठून कुठून आलेल्या आहेत, मग बिचाऱ्या सालईनं काय केलंय, असं मला म्हणायचं होतं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

मी नऊ कार्डं केली होती. पहिल्यावर, बायबलात जन्माची तारीख कुठेही नाही. दुसऱ्यावर, पहिली दोन-तीन शतकं ख्रिस्ती लोक जन्मदिवस पाळतच नव्हते. तिसऱ्यावर रोममधला डिसेंबरचा जुना सण, ज्यात भेटी देत, मेणबत्त्या लावत आणि मालक गुलामांना जेवायला वाढत. चौथ्यावर सूर्याचा सण, पंचवीस डिसेंबरचा. पाचव्यावर दुसरी बाजू: काही अभ्यासक म्हणतात, तारीख कुणाकडून घेतलेली नाही, मार्चमधल्या एका दिवसापासून नऊ महिने मोजून काढलेली आहे, वाद मिटलेला नाही. सहाव्यावर उत्तरेकडचे लोक, त्यांचा हिवाळा, जाळायचा मोठा ओंडका, हिरव्या फांद्या. सातव्यावर जर्मन मुलखातलं सजवलेलं झाड, जे काही शतकांपूर्वीचंच आहे. आठव्यावर, इंग्लंडात आणि अमेरिकेत कडक मताच्या ख्रिस्ती लोकांनी याच कारणासाठी एके काळी नाताळ साजरा करायलाच बंदी घातली होती.

आठवं कार्ड मी गंमत म्हणून ठेवलं होतं. लोक हसलेही. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. ते मी पाहिलं, आणि हातातलं नववं कार्ड वाचायचं की नाही, तो निर्णय मी त्या क्षणी घेतला.

नवव्या कार्डावर एका जुन्या पत्राचा मजकूर होता. इंग्लंडात धर्म शिकवायला गेलेल्या लोकांना रोमच्या एका पोपनं चौदाशे वर्षांपूर्वी कळवलं होतं की त्या लोकांची जुनी देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पाणी शिंपडा आणि तिथेच प्रार्थना करा. सणाला ते देवळाभोवती फांद्यांचे मांडव घालोत. सगळं एकदम काढून घेता येत नाही. आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ: बाळ येशूला मागींनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी आणलेला ऊद ज्या झाडाचा, त्याच्याच कुळातली आपली सालई.

ते कार्ड तुझं होतं, मार्था. ते वाचलं असतं तर आपलं भांडण तू जिंकली असतीस, आणि तेही माझ्याच तोंडून. पोह्यांची ताटली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणाले, "वेळ संपली," आणि बसले.

घड्याळात दहा मिनिटं शिल्लक होती.

बाहेर पडताना तू म्हणालीस, "लई छान बोलल्या, बाई. समदं समजलं."

"खरंच?"

"हो. एक कार्ड राहून गेलं ना पण हातात?"

"वेळ संपली होती."

"हो काय," असं म्हणून तू चप्पल शोधायला लागलीस.

पाळकसाहेबांनी फाटकापाशी माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही आमचे डोळे उघडले. हे सगळं मूर्तिपूजकांचं आहे हे मी सांगत होतो तर लोक म्हणायचे, नवा आहे, त्याला काय कळतं. आता तुम्ही सांगितलं." मी म्हणाले, माझं म्हणणं तसं नव्हतं. पण ते मी हळू म्हणाले, आणि ते तोपर्यंत दुसऱ्यांकडे वळले होते.

जानेवारीत चर्चच्या पंच कमिटीनं ठराव केला. पुढच्या नाताळपासून झाड नाही, धूर नाही. ठरावात कारण लिहिलं होतं, आणि त्यातली वाक्यं माझी होती.

तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. गेल्या वर्षी नाताळला तू उपासनेला गेलीस, शेवटच्या बाकावर बसलीस आणि घरी आलीस. मग आपल्याच अंगणात फांदी रोवलीस आणि संध्याकाळी धुपाटणं लावलंस. चर्चच्या अंगणात तोच धूर सगळ्यांचा होता. तुझ्या अंगणात तो एका म्हाताऱ्या एकट्या बाईचा झाला.

हा फरक मी कार्डांवर कुठे लिहिला नव्हता. तो मला तेव्हा कळलाच नव्हता. पण त्या रानात राहणाऱ्या प्रत्येकाला कळत होता.

महिन्याभरात तुझ्या शेजारच्या चिन्नाभाऊंच्या नातीला ताप भरला. मलेरियाच होता. तुझी भाची रोशनी, शेजारच्या गावची आशा वर्कर, तिनंच रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, आणि पोरगी बरी झाली. पण ताप आला त्या संध्याकाळी वारा तुझ्या अंगणाकडून वाहत होता. कुणी ते बोललं. पहिल्यांदा कोण बोललं हे अशा वेळी कधीच कळत नाही. ख्रिस्ती घरं म्हणाली, पाळकांनी मना केलेला धूर ती काऊन करते? गावातली बाकीची घरं म्हणाली, पेरमाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला न विचारता ती रानाशी काय बोलते? दोन्हीकडच्यांना इतकी वर्षं एकमेकांचं काही पटलं नव्हतं. तुझ्याबद्दल पटलं.

रोशनी सायकलनं माझ्याकडे आली. "बाई, आत्याले समजावा. विहिरीवर ती आली का बाकीच्या बाया उठून राह्यल्या. कोनी काही बोलत नाई. बोलत नाई तेच वाईट हाये."

आपल्या जिल्ह्यात म्हातारीकडे असं, करणीच्या संशयानं, बघायला लागले की पुढे काय काय होऊ शकतं, हे तुला मी सांगायची गरज नव्हती. तू दवाखान्यात अशा बायकांच्या जखमा धुतल्या होत्यास. मी दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे आले. म्हणाले, अहेरीला चल, माझ्याकडे राहा. निदान काही दिवस तरी धूर बंद ठेव.

तू चुलीवरचा चहा गाळत होतीस. "तुमी बी, बाई?"

"तुझ्या काळजीनं म्हणते आहे."

"मले मालूम हाये. पण मी आता बंद केलं, तर ते म्हनतीन, पाहा, खरंच होतं, म्हनून बंद केलं." मग तू हसलीस. "अन् तुमच्याकडे राहिली, तर तुमच्या पोह्यात मीठ कोन टाकीन?"

निघताना तू ती पुडी दिलीस. "मी गेली का लावजा." मी म्हणाले, असं बोलू नकोस. तू म्हणालीस, "बोलली नाई तर तुमी लावसान नाई. तुमाले लेखी लागते समदं."

पुन्हा तुझ्या घरी आले ती एकदाच, मातीला.

नोव्हेंबरात तुला ताप आला. किती दिवस होता, ते आम्हाला कळलं नाही. तुझा कोंबडा दोन दिवस खुराड्यातच ओरडत होता, हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. दार कोणी ठोठावलं नाही. कुणी तुला मारलं नाही, मार्था, कुणी दगड उचलला नाही. हे मी स्वतःला सारखं सांगते, जणू त्यानं काही हलकं होणार आहे. तिसऱ्या दिवशी रोशनी आली तेव्हा तू गेली होतीस. त्या गावातली अर्धी माणसं तुझ्या हातांत जन्मली होती.

चर्चच्या जागेत पुरायचं की नाही यावर पंच कमिटी सकाळभर बोलत बसली. गावाच्या मातीत पुरायचं की नाही यावर गाव बोलत बसलं. शेवटी रोशनी म्हणाली, "राहू द्या. आत्याचं वावर हाये." तुझ्या धानाच्या बांधावर खड्डा खणला. आम्ही सात माणसं होतो. पाळकसाहेब आले, प्रार्थना म्हटली. चिन्नाभाऊ लांब मोहाच्या झाडाखाली उभे होते. त्यांच्या मागे आणखी माणसं, नुसती बघत.

माझी पर्स माझ्या काखेत होती. रोशनीनं तुझं धुपाटणं आणलं होतं, निखारे घालून. तिनं माझ्याकडे बघितलं. मला फक्त गाठ सोडायची होती. मी त्या मोहाखालच्या माणसांकडे बघितलं, आणि पर्सची चेन लावलेली आहे ना, ते हातानं चाचपून पाहिलं.

निखारे विझले. रोशनीनं राख बांधावर ओतली आणि धुपाटणं पदराखाली घेतलं.

परतताना चिन्नाभाऊ वाटेत भेटले. माझ्याशी बोलावं की नाही, असं झालं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, "बाई, ते लेकरू बरं झालं ना, ते गोळीनं का झालं, का बुढीनं आपलं परत घेतलं म्हनून?"

"गोळीनं झालं, भाऊ."

"हो. मी बी तसंच म्हनतो. घरचे नाई म्हनत." थोडं चालले. मग म्हणाले, "ते भांडं आता पोरीकडं गेलं, नाई का?"

तो प्रश्न त्यांनी वाईट मनानं विचारला नव्हता. त्यांना भीती वाटत होती. पण माझे पाय तिथेच थांबले. बोट दाखवायला गावाला तुझं नाव लागत होतं, तू गेलीस, आता ते नाव रिकामं फिरतं आहे आणि बसायला घर शोधतं आहे. रोशनी रोज लोकांच्या दारात जाते. तिच्या पिशवीत गोळ्या असतात, तापाची नोंद असते. ज्या घरात ती जाते, त्या घरात कधी ना कधी कुणी मरणारच.

म्हणून हे सगळं आता लिहिते आहे, नातवंडांनो. म्हणून थांबता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे गेले. नववं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे त्या दिवशी तुमच्याकडे होतं?"

"होतं."

"मग वाचलं का नाही?"

मी खरं ते सांगितलं. पोह्यांपासून सगळं. त्यांनी कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान मुलगा. म्हणाला, "बाई, मी त्या वेळी वहीत लिहून घेतलं होतं. बंदीचं. मला वाटलं, आधाराला एक उदाहरण मिळालं." मग म्हणाला, "चोवीस तारखेला तुम्ही बोला. पण एक सांगतो. लोक आता सालईला घाबरत नाहीत. लोक घाबरतात ते तिच्या नावाला. तुमचं कार्ड त्याला पुरेल का?"

पुरेल की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नाही. कागदावरची गोष्ट विहिरीवर पोचता पोचता किती उरते, ते मी पाहिलं आहे. वाईट गोष्ट पूर्ण पोचली होती, आणि तीही आठ कार्डांची एका ओळीत होऊन.

आर्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देते. पेगन हा शब्द मुळात खेड्यातल्या माणसासाठीच होता. पुढे तो, ज्याचे देव आपले नाहीत त्याच्यासाठी झाला. नाताळात त्या खेड्यातल्या माणसांचं खूप काही आहे, आणि ख्रिस्ती लोकांचं स्वतःचंही आहे, आणि काय कुणाचं यावर शहाण्या माणसांचा वाद आहे. तुझ्या वर्गातली मुलगी बरीचशी बरोबर आहे. पण ती "उचललेलं" म्हणाली ना, तिथे जरा थांब. लोक नव्या घरात गेले तेव्हा आपल्या हातातलं सामान घेऊन गेले. माझ्या बाबांनी नेलं नाही. त्यांना कारण होतं आणि ते कारण मी आजही डोक्यावर घेते. मार्थानं नेलं, तिलाही कारण होतं. दोन्ही कारणं खरी असू शकतात, हे मला पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं आहे, आणि जिला सांगायचं ती नाही.

मार्था, माझ्या बाबांचं मी ऐकलं, मागे वळून बघितलं नाही. पण आई पाण्यात उभी होती तेव्हा तिचे ओठ हलत होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ती काय म्हणत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, त्याले बी सांगावं लागते. म्हणूनच सांगितलं नाही.

चोवीस तारखेला दुपारी मी चर्चमध्ये नववं कार्ड वाचणार आहे. त्यानंतर तुझ्या बांधावर येऊन पुडीची गाठ सोडणार आहे, जो कोणी बघत असेल त्याच्यासमोर. धुपाटणं रोशनीच्या हातात नसेल. माझ्या हातात असेल. बघायचंच असेल तर त्यांनी माझ्याकडे बघावं. मी म्हातारी आहे, आणि मला गाव सोडून जाता येतं. तिला येत नाही.

हे लिहीत असताना रोशनीचा फोन आला. चर्चच्या कुंपणाकडच्या दोन कोवळ्या सालई कुणीतरी काल कुऱ्हाडीनं तोडल्या. कुणी, ते माहीत नाही. तोडून तिथेच टाकल्या होत्या. तिनं त्या ओढत आपल्या गावी नेल्या आणि अंगणात रोवल्या. मी म्हणाले, अगं, आत्ता नको गं, लोक बघतील. ती म्हणाली, "बाई, रोवून झाल्या."

त्या दोन मूळ धरतात की नाही, ते उन्हाळ्यात कळेल. कुंपणाला सतरा होत्या. पंधरा उभ्या आहेत.